झाकणावरचं पाणी

गेल्या महिन्यात हिंगोलीतल्या एका पाककृती स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका म्हटलं की असली निमंत्रणं येतात. शाल, नारळ आणि चौदा बायकांच्या चौदा बशा. पहिला नंबर आला तो येसराचं पीठ पेरून केलेल्या ढोबळी मिरचीचा. भाजी उत्तमच होती, सगळ्यात जास्त गुण मीच दिले होते. मग बक्षीस घ्यायला ती सून माइकपाशी आली आणि म्हणाली, "ही आमच्या पाटील घराण्याची पारंपरिक रेसिपी आहे. आमच्या आजेसासूबाईंनी शोधून काढलेली." टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घराणं म्हणे! त्या आजेसासूबाईंना मी चांगली ओळखत होते. अनसूयाकाकू त्यांचं नाव, मी नोकरीला होते त्या गावच्या पाटलीणबाई. पहिली ढोबळी मिरची हातात पडली तेव्हा ती कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. ती भाजी त्यांच्या चुलीपर्यंत कुणी आणली आणि त्या बाईची या घराण्यानं कशी परतफेड केली, हे मी तिथंच माइक ओढून सांगायला हवं होतं. पण माझ्या खांद्यावर शाल होती, लोक जेवायला खोळंबले होते, आणि गप्प बसायची सवय मला जुनी आहे. म्हणून आता घरी बसून लिहिते.

हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला तालुका होता. औंढ्याहून सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाताना आमचं गाव लागायचं. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली होती, कालव्याला पाणी होतं, आणि सरकारला वाटत होतं की लोकांनी ज्वारी-तुरीच्या पलीकडे काहीतरी पिकवावं, खावं. मी तिथल्या शाळेत नवी मास्तरीण. शाळेच्या मागं दोन खोल्या होत्या, मधे एक भिंत आणि पुढं एकच ओसरी. एका खोलीत मी होते. दुसऱ्या खोलीत यशोदाबाई खिल्लारे आल्या, ग्रामसेविका म्हणून. परसबाग लावायची कशी, लेकरांना काय खायला घालायचं, बिनधुराची चूल कशी बांधायची, असलं सगळं बायकांना शिकवायचं त्यांचं काम.

त्याआधी त्यांनी गावात चार ठिकाणी खोली पाहिली होती. चारही ठिकाणी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. यशोदाबाई बौद्ध होत्या. गाव पाठीमागं त्यांचं जुनंच जातीचं नाव घ्यायचं आणि तोंडावर 'शेविकाबाई' म्हणायचं. त्यांना दोन्ही ऐकू यायचं, कान फार तिखट होते.

वय पस्तिशीच्या आसपास. उंची बेताची, पण चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला अधूनमधून पळावं लागायचं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. खांद्याला खाकी पिशवी आणि तिच्यात बियांच्या पुड्या, सुरी, पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या, पेला आणि घडी घातलेलं गोणपाट. कुणाच्याही अंगणात गेल्या की गोणपाट काढायच्या, अंथरायच्या आणि बसायच्या. आपण या बाईला सतरंजी द्यावी का, दिली तर मागून धुवावी का, हा प्रश्न त्यांनी कुणापुढं येऊच दिला नव्हता. तहान लागली की स्वतःचा तांब्या. "कुनाला तकलीफ नको," म्हणायच्या.

या वाक्याची मला फार चीड यायची. कधीकधी त्यांचाच राग यायचा. एकदा मी बोलून गेले, "बाई, तुम्ही या लोकांना लाज वाटायची वेळच येऊ देत नाही."

त्या म्हणाल्या, "त्यांना लाज वाटायची वाट बघत बसले तर भाजी कवा शिकवू?"

सिद्धेश्वरचं धरण बांधताना त्यांच्या आईनं तिथं माती वाहिली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कालव्याच्या कडेनं चालताना, शेंगा सोलत. त्या कालव्यावर पाटलांचा सत्तर एकराचा मळा भिजत होता.

ढोबळी मिरचीचं बी तालुक्याच्या ऑफिसातून आलं. सेविकाबाईंनी ते घरोघर वाटलं, रोपं करून दिली, आणि थंडीच्या दिवसांत परसात मुठीएवढ्या हिरव्यागार मिरच्या लटकू लागल्या. गाव हादरलं. आमच्याकडे मिरची जेवढी मोठी तेवढं तिखट, हा लोकांचा हिशोब. ही मुठीएवढी म्हणजे हिच्यानं माणूस मरायचंच! अनसूयाकाकूंनी नाकाला पदर लावून एका मिरचीची चतकोर फोड कापली, बारा माणसांच्या वरणात टाकली, आणि रोजच्या मिरच्या त्या दिवशी घातल्याच नाहीत. वरण झालं नुसतं पिवळं पाणी. पाटील ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी काकू टोपलंभर मिरच्या घेऊन आमच्या ओसरीपुढं उभ्या.

"शेविकाबाई, सरकारनं फसवलं बगा. या मिरचीत तिखटच न्हाई."

"काकू, ती मिरची न्हाई, भाजी हाय. नाव तेवढं मिरचीचं."

"मग नाव काहून तसं ठिवलं?"

"नावाचं काय घेऊन बसल्या? मला तुमी बाई म्हन्ता. बसा म्हन्ता का?"

काकू खदखदून हसल्या. त्यांना तो विनोद वाटला! मी वह्या तपासत बसले होते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सेविकाबाईंनी मात्र टोपल्यातली एक मिरची उचलली आणि म्हणाल्या, "गुरुवारी तुमच्या अंगनात करून दावते. म्हंजे तुमी करा, मी सांगते."

त्यांची शिकवायची पद्धत अशीच होती. ज्या बाईचं अंगण तिचीच चूल, तिचीच कढई, तिचाच हात. सेविकाबाई तीन हात लांब गोणपाटावर बसायच्या आणि तिथून बोलायच्या. "तोंड माझं, हात तुमचे," असं सुरुवातीलाच सांगून टाकायच्या. बायका निवांत व्हायच्या. काही शिवायचं नाही, काही धुवायचं नाही, कुणाची पंचाईत नाही.

"मिरची धुवा. आता देठ अंगठ्यानं आत दाबा अन् उपसा, बिया संगंच येतात. बोटाएवढे तुकडे करा. करडईचं तेल एक पळी. मोहरी... थांबा काकू! तेल अजून बोललं न्हाई. हां, आता टाका. लसूण ठेचून, हळद, मिरचीचे तुकडे, मीठ. आता झाकण म्हनून खोलगट ताटली ठेवा, अन् पानी त्या ताटलीत. भाजीत एक थेंब न्हाई. भाजीत पानी पडलं की लगदा झाला. वरच्या पान्यानं झाकण गार ऱ्हातं, आतली वाफ आतच फिरती, तिच्यातच भाजी शिजती. पानी आटत आलं की पुन्हा ओता. मिरची मऊ झाली की दोन मुठी येसर पेरा, एक वाफ आना, उतरा."

येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं, मसाला घालून दळलेलं पीठ. आमच्याकडे लग्नकार्यात त्याची आमटी होते. ऑफिसातून आलेल्या पुस्तिकेत बेसन लिहिलेलं होतं. ते पेरून भाजी घशाला कोरडी लागते, आणि गावातल्या निम्म्या घरांत बेसन सणालाच निघायचं. येसराचा डबा मात्र प्रत्येकीकडे. बेसन काढून येसर घालायची ही युक्ती सेविकाबाईंची होती. त्यांची एकटीची. पाटील घराण्यानं हे लिहून ठेवावं.

हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यांचे कान आणि नाक भलतेच तयार झाले होते. तीन हातांवरून त्यांना कळायचं की लसूण लाल झाला, की आच जास्त आहे, की झाकणावरचं पाणी आटत आलं. "ऐका," म्हणायच्या, "आता तिचा आवाज बदलला." बायकांना वाटायचं, काय ही बाई, काय तिचं कसब! आणि मला वाटायचं, कढईला हात लावू दिला असता तर या बाईवर नुसत्या आवाजावरून स्वयंपाक ओळखायची वेळ कशाला आली असती?

पण कौतुक करणारे त्याहून थोर. तालुक्याचे बीडीओ साहेब एकदा हे बघायला आले. पुण्याकडचे होते, हौशी होते. बायका स्वतः करताहेत आणि सेविका नुसती लांबून सांगते, हे पाहून ते इतके खूश झाले की त्यांनी लगेच वही काढून लिहून घेतलं. "याला म्हणतात लोकसहभाग! बाकीच्या सेविका स्वतःच करून मोकळ्या होतात." पुढच्या महिन्यात ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलं गेलं, 'तोंड माझं, हात तुमचे'. मी हिंगोलीला पगाराच्या कामाला गेले तेव्हा ते वाचलं आणि दिवसभर माझ्या डोक्यातली तिडीक गेली नाही. ज्या गोष्टीची गावानं शरम बाळगावी, ती सरकारनं सुविचार म्हणून भिंतीवर लिहिली होती.

घरी येऊन सेविकाबाईंना सांगितलं. त्या ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"अक्षर बराबर काढलंय ना? मागच्या वेळी 'कुटुंब' चुकवलं होतं त्यांनी."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाई, एक सांगू? तोंडानं शिकवलेली अन् हातानं केलेली, चव एक नसती. हाताचं बी काईतरी असतंच की. हितून बदली व्हायच्या आत एक डाव माझ्या हातची कढई या बायांनी रिकामी करावी. लई न्हाई, एक कढई."

एवढंच त्यांना त्या गावाकडून हवं होतं. पगारवाढ नको, बक्षीस नको. तीन वर्षांत दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आता माझंही सांगते, नाहीतर मी गावाला नावं ठेवून नामानिराळी राहीन. भिंतीला भिंत लागून राहत असताना पहिले आठ महिने मी त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या काही द्यायला आल्या की मला उपास असायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही नसलं तर पोट बिघडलेलं. त्या "बरं" म्हणून वाटी परत न्यायच्या. एकदा औंढ्याला शाळेच्या बैठकीला गेले होते, सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नाही, परतीची यष्टी वाटेत बंद पडली, दोन कोस चालत आले. दुपारचे तीन वाजले असतील. ओसरीवर पाय ठेवला आणि त्यांच्या खोलीतून लसणाचा, करडईच्या तेलाचा वास आला. मी सरळ आत गेले आणि बसले. त्यांनी काही न विचारता ताट वाढलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

खाता खाता मी हात लांब करून दार लोटलं होतं.

"दार काहून लावलं?" त्या म्हणाल्या. "हिकडून ऊन न्हाई येत."

त्यांनी आणखी एक पळी भाजी वाढली आणि विषय बदलला. त्यानंतर मी रोजच त्यांच्याकडे जेवू लागले, आणि दार रोजच लावलेलं असायचं. पुन्हा त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी गावात महिला मंडळ निघालं. पाटलांच्या अंगणात उद्घाटन ठरलं. बीडीओ साहेब, त्यांची पत्नी आणि आणखी दोघेतिघे जीपनं येणार, आणि त्यांना गावच्या मळ्यातली ढोबळी मिरची खिलवायची. अनसूयाकाकूंनी लग्नातली मोठी कढई काढली. सेविकाबाई नेहमीसारख्या तीन हातांवर. मी त्यांच्या शेजारी. भाजी पडली, मीठ पडलं, परात झाकली, परातीत पाणी ओतलं, आणि एवढ्यात वेशीवर जीपचा हॉर्न वाजला. हलगी सुरू झाली. काकू आरतीचं ताट घेऊन पळाल्या, त्यांच्या मागं सगळ्या बायका. चुलीपाशी कुणी उरलं नाही.

हलगीच्या त्या कडकडाटात मला काही ऐकू येत नव्हतं. सेविकाबाईंना आलं. "पानी आटलं," त्या म्हणाल्या. "आता खाली धरंल." त्यांनी दोनदा हाक मारली, "काकू, पानी! काकू!" काकू साहेबांना कुंकू लावत होत्या. सेविकाबाईंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मी काय करायचं हे मला सुचायच्या आत त्यांनी पिशवीतला तांब्या काढला, तीन हातांचं अंतर ओलांडलं आणि परातीत पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. मागं सरकून त्या पुन्हा गोणपाटावर बसल्या.

पाटलांच्या धाकट्या सुनेनं ते दारातून पाहिलं.

साहेबांना कुणी काही सांगितलं नाही. साहेबांच्या पंगतीला ती भाजी वाढली गेली. साहेबांनी तीनदा मागून घेतली, त्यांच्या पत्नीनं कृती लिहून घेतली, भाषण झालं, जीप धुरळा उडवत निघून गेली. साहेब बाटले तर बाटोत, त्याची कुणाला फिकीर नव्हती. मग अंगणात चर्चा सुरू झाली. अर्धी कढई भाजी उरली होती, आणि ती घरच्यांनी खायची का नाही?

ती चर्चा मी जन्मात विसरणार नाही. चांगली शहाणीसुरती माणसं, त्यातले दोघे मॅट्रिक झालेले, गंभीर चेहऱ्यानं बोलत होती. एक म्हणाला, पानी झाकणावर पडलं, भाजीत न्हाई, तवा हरकत नसावी. दुसरा म्हणाला, पन झाकण भाजीवरच होतं की. तिसऱ्यानं विचारलं, झाकण उचलताना थेंब आत गळला का, कुनी बघितलं? धाकट्या सुनेला साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, गळला असंल.

सेविकाबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हे चाललं होतं, त्या तिथं नाहीतच अशा थाटात.

शेवटी त्या बोलल्या. "काकू, वाफ वरून खाली जात न्हाई, खालून वर येती. तुमच्या भाजीची वाफ माझ्या पान्याला लागली. बाटलं असंल तर माझं पानी बाटलं."

या वेळी कुणी हसलं नाही. पाटील म्हणाले, "शेविकाबाई, जबान सांभाळा." भाजी उकिरड्यावर गेली. कढई राखेनं तीनदा घासली आणि मग शुद्ध करायला विस्तवावरून काढली. विस्तवावरून! तासभर ती कढई चुलीवरच होती, आणखी कुठला विस्तव तिला लागायचा राहिला होता? मी हे ओरडून विचारायला पाहिजे होतं. मी सेविकाबाईंचं गोणपाट उचलून घडी घातली, तेवढंच मी केलं.

आठवड्याच्या आत पाटील तालुक्याला जाऊन आले. साहेबांनी सेविकाबाईंना बोलावून घेतलं. मीही त्या दिवशी हिंगोलीलाच होते, ऑफिसच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. साहेब वाईट माणूस नव्हते, याचाच मला जास्त संताप येतो. ते हळू आवाजात समजावत होते.

"बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण लोकांच्या भावना असतात. थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं."

"साहेब, भाजी करपू द्यायला पायजे होती का?"

"करपली असती तरी चाललं असतं."

तीनदा मागून खाल्लेला माणूस हे म्हणत होता! बदलीच्या हुकमावर कारण काय लिहिणार, असं सेविकाबाईंनी विचारलं. 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं गेलं. पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं गाव दिलं, जिथं मिरची तर सोडाच, परसाला पाणीही नव्हतं.

निघायचा दिवस शनिवार होता. यष्टी शाळेसमोरच थांबायची. गावातल्या पंचवीस-तीस बायका निरोप द्यायला आल्या. अनसूयाकाकूही आल्या. नारळ, तांदूळ, गूळ, खण असं सगळं कोरडं सामान त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. सेविकाबाईंनी उचललं की मग पुढची बाई. बऱ्याच जणींनी डब्यांत ढोबळी मिरचीच करून आणली होती, वाटेत खायला. "तुमच्यामुळं आमच्या घरात ही भाजी आली, शेविकाबाई," म्हणून काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्या खोटं रडत नव्हत्या. नाटक केलं असतं तर मला एवढा राग आलाच नसता. त्यांना या बाईबद्दल खरंच माया होती, आणि ती माया तीन हातांवर येऊन थांबत होती.

सेविकाबाईंनी सगळ्यांचं सगळं घेतलं, डबे तेवढे यष्टीत द्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि फडक्यानं धरून एक कढई बाहेर घेऊन आल्या. ती ओसरीवर मधोमध ठेवली. शेजारी भाकरींची चवड, पळसाची पानं. झाकण काढलं. पहाटे उठून केलेली असणार.

"तीन वर्सं तुमच्या हातानं केली," त्या म्हणाल्या. "आज माझ्या हातची हाय. घास घास घ्या. यष्टीला येळ हाय अजून."

कुणी पदर सारखा केला. कुणी रस्त्याकडे पाहिलं. कडेवरच्या एका पोरीनं कढईकडे हात केला, तिच्या आईनं तो धरून खाली घेतला. काकू म्हणाल्या, "कशाला तकलीफ घेतली उगं..." आणि वाक्य तिथंच सोडलं. आमचे हेडमास्तर शाळेच्या ओट्यावर उभे होते, ते आभाळाकडे बघू लागले.

आणि मी? माझ्यापासून कढई चार पावलांवर होती. दोन वर्षं मी त्यांच्या हातचं खात आले होते. मी पुढं होऊन एक भाकरी उचलली असती, तर मागून एखादी आली असती. कदाचित न येतीही. पण एक तरी झाली असती. माझं लग्न तेव्हा ठरत होतं, स्थळ पाटलांच्या नात्यातलं होतं, हेडमास्तर माझ्या कामाचा शेरा लिहिणार होते. कारणं सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही उपयोगाचं नाही. माझा हात पदराचं टोक धरून तिथंच राहिला. सेविकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी गेले असते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. त्यात काही अर्थ नाही. बोलावणं साऱ्यांना होतं, मलाही होतं.

सेविकाबाई थोडा वेळ कढईकडेच बघत उभ्या राहिल्या. मग झाकण ठेवलं, भाकरी वर ठेवल्या, सगळं फडक्यात गाठ मारून बांधलं. यष्टी आली. कंडक्टरनं ट्रंक टपावर टाकली. बायकांनी डबे खिडकीतून आत सरकवले. त्यांनी प्रत्येक डब्याला मान हलवली.

यष्टीत त्यांच्या शेजारी लमाणांच्या तांड्यावरची एक बाई होती, बाजाराला निघालेली, कोपरापर्यंत बांगड्या, पायाशी कोंबड्यांची पाटी. मी खिडकीखालीच उभी होते. सेविकाबाईंनी मांडीवरचं फडकं सोडलं, कढई उघडली आणि त्या बाईला आपली जात सांगितली. जुन्या नावानं, सरळ, आवाज न उतरवता. मग विचारलं, "चालंल का?"

त्या बाईनं कढईत डोकावून पाहिलं. "भाकर हाय का संगं?" म्हणाली.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तशी सगळ्या बायकांबरोबर मीही हात वर केला. तेव्हा मात्र तो लगेच उठला. सेविकाबाईंनी पाहिलं नाही. त्या दोघी जेवत होत्या.